पाठीवरची भेग

ताईचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा खोका तिच्या पुढ्यात होता आणि तिने तो अजून उघडला नव्हता, कारण मीच बजावून ठेवलं होतं की मी बघत असल्याशिवाय टेपला हात लावायचा नाही. खोक्याचा एक कोपरा आत चेपलेला होता, अख्खा अंगठा बसेल एवढा, आणि वरच्या बाजूला जिथे मी मोठ्या अक्षरात "नाजूक" लिहिलं होतं तिथे आडवा खळगा पडलेला, कुणीतरी काहीतरी जड त्याच्यावर टेकवून ठेवावं तसा. ताई म्हणाली, "अरे, व्हायोलिनच्या केसला काही झालं नसेल बघ, खोकाच चेपलाय फक्त." मी काही बोललो नाही. तिने टेप कापली, कागदाचे बोळे काढले, बबल रॅप सोडवला, केस उघडली, आणि व्हायोलिन वरवर अगदी जसंच्या तसं होतं, फक्त तारांखालची लाकडी घोडी आडवी पडलेली. तिला हायसं वाटलं. मग तिने ते उचललं आणि आत काहीतरी गडगडलं. लाकडावर लाकूड, बारीक कोरडा आवाज. फोनमधूनसुद्धा ऐकू आला मला, आणि पोटात गोळाच आला.

हे व्हायोलिन आजोबांचं. ते रोज वाजवायचे, लोकांसमोर कधी नाही, संध्याकाळी एकटेच, आणि आम्ही दोघं दारात बसून ऐकायचो. ते गेल्यावर ते माझ्याकडे राहिलं. मी वाजवत नाही, नुसतं जपलं, दर थोड्या दिवसांनी उघडायचं, पुसायचं, परत ठेवायचं. मग भाची शिकायला लागली, दुसऱ्या देशात राहतात ते लोक, आणि तिच्या शिक्षकांनी सांगितलं की आता हिला पूर्ण मापाचं वाद्य लागेल. तेव्हा दुसरा विचारच नको होता. विमा उतरवून, सगळी किंमत लिहून, पोस्टाने पाठवलं.

तो गडगडणारा तुकडा म्हणजे साउंडपोस्ट. ज्यांनी व्हायोलिन आतून पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, वरची फळी म्हणजे पोट आणि खालची फळी म्हणजे पाठ असं आमच्याकडे आजोबांपासून म्हणत आलेत, आणि या दोघांच्या मधे घोडीच्या एका पायाच्या जवळ एक लाकडी काडी उभी असते, करंगळीपेक्षाही बारीक. तिला गोंद नसतो, ती फक्त दाबावर उभी असते, तारांचा ताण घोडीवर, घोडीचा पोटावर, पोटाचा काडीवर आणि काडीचा पाठीवर. इटालियन लोक तिला आनिमा म्हणतात, म्हणजे आत्मा, आणि ती जरा इकडची तिकडे झाली तरी आवाज बदलतो. काडी पडणं ही तशी मोठी गोष्ट नाही, जाणकार माणूस वाकड्या आकड्याने ती परत उभी करून देतो. भीती असते ती वेगळीच. घोडीवर वरून जोरात फटका बसला तर तीच काडी खिळ्यासारखी पाठीत घुसते आणि पाठ फाटते. मी ताईला म्हटलं, उलटं कर, खिडकीपाशी ने, पाठीवर तिरका उजेड पडू दे. तिने केलं. बराच वेळ काही दिसेना, मग ती म्हणाली, "इथे एक केस चिकटलाय बहुतेक," आणि बोटाने पुसायला गेली. तो केस नव्हता. चार बोटं लांब भेग होती, लाकडाच्या रेषेतून सरळ गेलेली.

त्यानंतरचे सात महिने मी कागदांमध्ये काढले.

एक गोष्ट मात्र आम्ही नकळत बरोबर केली होती. पार्सल घेताना सही करायची असते तिथे ताईने सहीशेजारी लिहिलं होतं, "खोका चेपलेला, आतलं तपासलेलं नाही". मी सांगितलं होतं म्हणून लिहिलं, नाहीतर कोण लिहितं, समोरचा माणूस घाईत असतो आणि आपल्यालाही अवघडल्यासारखं होतं. पण काही तक्रार न करता पार्सल ताब्यात घेतलं की पोस्टाची जबाबदारी तिथेच संपते असा साधारण सगळीकडेच नियम आहे, आणि नंतर दाद मागायची तर नुकसान ताब्यात घेतल्यानंतर झालेलं नाही हे तुम्ही सिद्ध करत बसायचं. त्या पाच शब्दांनी आम्हाला जेवढं वाचवलं तेवढं नंतरच्या माझ्या पानापानांच्या पत्रांनी नाही वाचवलं. दुसरी गोष्ट, ताईने खोका टाकला नाही. खोका, कागदाचे बोळे, बबल रॅप, टेपचे तुकडेसुद्धा, सगळं तिच्या घरात एका कोपऱ्यात तसंच राहिलं, सात महिने, आणि येणाराजाणारा विचारायचा की हे काय ठेवलंय.

मला आधी वाटायचं की क्लेम म्हणजे फॉर्म भरला, फोटो जोडले की झालं. पण पहिलाच प्रश्न आला तो असा की क्लेम कुणाचा? पैसे भरले मी, वस्तू माझी, पण मोडलेली वस्तू पोचली ताईकडे. पोस्टाच्या आंतरराष्ट्रीय नियमांत मोडलेली वस्तू जिच्या हातात पडली तिचा भरपाईवर हक्क असतो, आणि ती व्यक्ती तो हक्क लेखी सोडून पाठवणाऱ्याला देऊ शकते. मग ताईने मला पत्र लिहून दिलं की मी माझा हक्क भावाच्या नावे सोडते. सख्ख्या बहिणीने आजोबांच्या व्हायोलिनवरचा हक्क सोडल्याचं पत्र, खाली सही, तारीख. ते स्कॅन होऊन आलं तेव्हा मी ते नुसतंच बघत बसलो थोडा वेळ, कारण बाकी कुठल्याही घरात असं पत्र भांडणानंतर लिहिलं जातं.

हे नियम जुने आहेत. 1874 मध्ये बर्नला पोस्टाचा जागतिक करार झाला आणि चारच वर्षांनी, 1878 मध्ये, पॅरिसला किंमत जाहीर केलेल्या पत्रांसाठी वेगळा करार झाला, म्हणजे मौल्यवान वस्तू पोस्टाने पाठवायची आणि किंमत लिहून द्यायची ही सोय जवळपास दीडशे वर्षांची. आणि लोकांनी तिच्यावर केवढा भरवसा टाकलाय. होप नावाचा तो प्रसिद्ध निळा हिरा, 45.52 कॅरेटचा, हॅरी विन्स्टन यांनी 1958 च्या नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कहून वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाला साध्या तपकिरी कागदात गुंडाळून रजिस्टर्ड पोस्टाने पाठवला. एकूण खर्च 145.29 डॉलर, त्यातलं टपालाचं 2.44 आणि बाकी सगळा विमा, दहा लाख डॉलरचा. पोस्टमनने तो नेऊन दिला. ही गोष्ट पोस्टाच्या विश्वासाची म्हणून सांगतात आणि ती खरीच आहे, पण मला या काळात तिच्यातलं दुसरंच दिसायला लागलं. हिरा हरवेल, चोरीला जाईल ही भीती, आणि विमा त्या भीतीचा. खोका पडला म्हणून त्या हिऱ्याची किंमत कमी होणार नव्हती. हरवण्याच्या बाबतीत वाद तसा सोपा, वस्तू पोचली किंवा नाही पोचली, नंबर टाकला की दिसतं. मोडण्यात मात्र वस्तू पोचते, समोर असते, आणि तरी प्रत्येक जण तिच्याबद्दल वेगळं सांगतो. व्हायोलिन, चिनीमातीची भांडी, जुनी घड्याळं, काचेमागची चित्रं पाठवणाऱ्या माणसाने विमा घेताना आपल्याला कशाची भीती आहे हे आधी ओळखावं, कारण पॉलिसी हरवण्यासाठी भक्कम आणि मोडण्यासाठी पोकळ असं अनेकदा असतं, आणि काच, पुराणवस्तू, वाद्यं ही तर पुष्कळदा वगळलेल्या गोष्टींच्या यादीतच असतात. मी ती यादी पैसे भरायच्या आधी वाचली होती. वाद्य तिच्यात नव्हतं.

तीन आठवड्यांनी ताईकडे विमा कंपनीचा सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासणारा माणूस, आला. ताई सांगते की त्याने खोक्याची लांबीरुंदी मोजली, पुठ्ठा चिमटीत धरून बघितला, सात-आठ फोटो काढले आणि दहा मिनिटांत निघाला. व्हायोलिन त्याने हातात घेतलं नाही. तिने पुढे केलं तर म्हणाला, मला त्यातलं कळत नाही, ते तज्ज्ञ बघतील. तज्ज्ञ कुणी आलाच नाही, आलं ते पत्र. क्लेम नामंजूर, कारण अपुरं पॅकिंग.

मी हे दोन शब्द किती वेळा वाचले असतील. त्यात दुखतं ते असं की नुकसान तुम्हीच केलंत असं त्यात सरळ म्हटलेलं असतं. तो खोका भरायला मला एक अख्खी संध्याकाळ लागली होती. तारा थोड्या सैल केल्या, पूर्ण नाही, कारण पूर्ण सोडल्या तर काडी आपोआप पडू शकते. घोडीच्या दोन्ही बाजूंना मऊ कापडाच्या घड्या, घोडीवर झाकणाचा भार येणार नाही अशा. वाजवायचा गज वेगळा काढून बांधला. केसभोवती बबल रॅप, मग खोका, आणि केस न् खोका यांच्या मधे सगळ्या बाजूंनी कागदाचे घट्ट बोळे, चार बोटांपेक्षा जास्त जाडीचे. आणि या सगळ्याचा फोटो मी काढला एक. एकच, केस उघडी असतानाचा. खोका भरताना काढला नाही, बंद करताना काढला नाही. त्या संध्याकाळी मला वाटलं की आपण काळजी घेतोय ना, मग झालं, काळजीचा पुरावा ठेवायचा असतो हे डोक्यातच आलं नाही. आता कुणी काही पाठवत असेल तर मी त्याला एवढंच सांगतो की प्रत्येक थराचा फोटो काढ, मधे पट्टी ठेवून काढ, आणि शेवटचा बंद खोक्याचा काढ सहाही बाजूंनी, पोस्टाचा कागद चिकटवल्यावर.

पण मी नुसता हळहळत बसलो नाही, पॉलिसी परत काढली आणि अक्षर न् अक्षर वाचली. मालवाहतुकीच्या विम्यात पॅकिंगचं जे कलम असतं ना, ते वाटतं तेवढं मोकाट नाही. लंडनच्या बाजारात तयार झालेली जी कलमं जगभर वापरतात त्यांची 2009 ची आवृत्ती बघा, तिच्यात असं आहे की पॅकिंग त्या प्रवासातल्या नेहमीच्या घटना सोसण्याइतकं असावं. नेहमीच्या. खोके एकावर एक रचले जाणार, पट्ट्यावरून घसरणार, गुडघ्याच्या उंचीवरून कधी पडणार, हे नेहमीचं, आणि ते सोसलं नाही तर चूक माझी, मान्य. पण त्यापलीकडे काही झालं तर त्यासाठीच तर विमा घेतला. शिवाय नुकसान वाटेत झालं एवढं मी दाखवलं की ते वगळलेल्या कारणाने झालं हे दाखवायची जबाबदारी विमा कंपनीची असते, हे सगळ्या जोखमींच्या पॉलिसीबद्दल इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च कोर्टाने, 1921 मध्येच पॅटागोनियातल्या लोकरीच्या एका खटल्यात धरलंय. लोकर भिजून आली होती आणि नेमकी कुठे भिजली हे कुणालाच सांगता येत नव्हतं. मालकाने दर थेंबाचा हिशोब द्यायची गरज नाही असं ठरलं. माझी पॉलिसी काही त्या कायद्याखाली नव्हती, पण विचार तोच आहे आणि तो मी पत्रात लिहिला.

आणि एक प्रयोग केला. पार्सलच्या पॅकिंगसाठी इस्टा म्हणून एका संस्थेच्या ठरलेल्या चाचण्या असतात, त्यातली सगळ्यात साधी अशी की साधारण साडेनऊ किलोच्या आतलं पार्सल 76 सेंटिमीटरवरून दहा वेळा टाकायचं, एकदा कोपऱ्यावर, तीनदा कडांवर, सहा वेळा बाजूंवर. मी तेवढ्याच मापाचा तसाच खोका आणला, त्यात तेवढ्याच वजनाची केस भरली, आत व्हायोलिनच्या जागी घोडीच्या उंचीला एक कच्चं अंडं कापडात बसवलं, आणि मित्राला व्हिडिओ घ्यायला लावून दहा वेळा टाकलं. अंडं राहिलं. खोक्याचे कोपरे जरा मऊ झाले, पण ताईच्या खोक्यावरचा तो आडवा खळगा काही केल्या माझ्या खोक्यावर उमटला नाही. ही काही प्रयोगशाळेतली चाचणी नाही हे मी पत्रात स्वतःच लिहिलं. पण दोन्ही खोक्यांचे फोटो शेजारी शेजारी लावून पाठवले आणि विचारलं की हा खळगा कुठल्या नेहमीच्या घटनेने पडतो ते सांगा.

अपुऱ्या पॅकिंगचा मुद्दा परत कधी आला नाही. मागे घेतला असंही कुणी म्हटलं नाही, तो नुसता पत्रातून नाहीसा झाला आणि त्याच्या जागी दुसरा आला. भेग जुनी असावी, किंवा लाकडाच्या मूळच्या दोषामुळे वाटेत आपोआप पडली असावी. वस्तूचा अंगभूत दोष. लाकूड आहे, कोरड्या हवेत आकसतं, तडकतं, त्याला विमा नाही. आणि पुरावा म्हणून माझंच वाक्य माझ्यापुढे ठेवलं. मी प्रामाणिकपणे फॉर्ममध्ये लिहिलं होतं की वाद्याची पूर्वी एक दुरुस्ती झालेली आहे. झालीच होती. आजोबांनी 1961 मध्ये पोटावरची एक छोटी भेग सांधून घेतली होती, आणि ज्याने सांधली त्याने आतल्या बाजूला पेन्सिलने 1961 असा आकडा घातलाय, तो आरसा घालून बघितलं की दिसतो.

या पत्राने मला खरं सांगायचं तर पहिल्यापेक्षा जास्त राग आला, कारण लपवलं असतं तर हे ऐकावं लागलं नसतं असं एक क्षण वाटून गेलं. आणि तसं वाटायला लावणं हे फार वाईट आहे. विमा दोघांच्या खरेपणावर उभा असतो हे तत्त्व 1766 पासून कोर्टात सांगितलं जातंय, मग खरं सांगणाऱ्याच्या सांगण्याचाच दोर करून त्याला कसं बांधता?

इथे दोन माणसांनी मदत केली. आमच्याकडचे काका, जे आजोबांच्या काळापासून वाद्यं दुरुस्त करतात, त्यांनी तीन वर्षांपूर्वी या व्हायोलिनची घोडी बदलली होती, आणि त्यांची पद्धत अशी की काम हातात घेतलं की आधी पुढून मागून फोटो काढायचा. तो फोटो त्यांच्या जुन्या फोनमध्ये निघाला. पाठ स्वच्छ. "तुझ्या आजोबांचं वाद्य आहे, माझ्याकडे नसेल होय त्याचा फोटो," एवढंच म्हणाले. आणि ताईच्या गावातल्या एक वाद्य-कारागीर बाई. त्यांनी पाठीवर भिंग धरलं, आतून बारीक दिवा आणि दाताचे डॉक्टर वापरतात तसला छोटा आरसा घातला आणि ताईला दाखवलं, आणि ताईने फोन धरून मला. जुन्या भेगेत मळ बसतो. वर्षानुवर्षांचा घाम, पॉलिश, धूळ, गजाला लावतात त्या राळेची भुकटी, सगळं आत उतरतं आणि भेगेच्या कडा काळ्या पडतात. 1961 च्या भेगेची रेघ तशी काळसर होती, काजळाची बारीक रेघ ओढावी तशी. पाठीवरची भेग आतून पांढरट पिवळी, आत्ता सोलल्यासारखी. आणि आतल्या बाजूला, भेगेच्या बरोबर मधे, काडीच्या पायाचा गोल वण. कडेला लाकूड किंचित चुरगळलेलं. बाई म्हणाल्या, हवेने तडकलेलं लाकूड कुठेही तडकेल, काडीच्या पायाखाली बरोबर गोल वण ठेवून नाही तडकणार.

त्यांनी ते लेखी दिलं. मी त्याच्याबरोबर आणखी एक जोडलं, एका तेलाच्या रिगची हकिगत. 2005 मध्ये अमेरिकेतल्या गॅल्व्हस्टनहून मलेशियाला एक रिग तराफ्यावर चढवून समुद्रातून ओढत नेत होते, तिचे तीन प्रचंड पाय वर आभाळात उभे. दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ एक पाय तुटून समुद्रात गेला, मग दुसरे दोन. विमा कंपनी म्हणाली पायच प्रवास सोसण्याइतके मजबूत नव्हते, अंगभूत दोष. खालच्या कोर्टाने ते धरलंही. पण ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने 2011 मध्ये निकाल दिला तो मालकाच्या बाजूने, लाटांनी पाय वाकवून वाकवून तोडले, लाटा बाहेरच्या आहेत, मग दोष पायांचा कसा? वस्तू आणखी मजबूत असती तर टिकली असती हे तर कुठल्याही मोडलेल्या वस्तूबद्दल म्हणता येईल. व्हायोलिनच्या क्लेममध्ये तेलाची रिग आणणं कुणाला विचित्र वाटेल, पण ते वाचताना मला त्या पायांबद्दल अगदी आपलेपणा वाटला.

दुसरा मुद्दाही गेला. आता नुकसान मान्य, वाटेत झालं मान्य, आणि तेव्हा कुठे खरा प्रश्न पुढे आला. किती?

माझी समजूत होती की मी जी किंमत लिहून दिली आणि जिच्यावर पैसे भरले ती ठरलेली किंमत. तसं नसतं. जाहीर केलेली किंमत ही बहुतेक वेळा फक्त वरची मर्यादा असते, मिळतं ते प्रत्यक्ष नुकसान, तेही सिद्ध केलं तेवढंच. दोन्ही बाजूंनी आधीच मान्य करून पॉलिसीत लिहिलेली किंमत हा वेगळा प्रकार, त्यात नंतर किमतीवर वाद घालता येत नाही, पण ते मागून घ्यावं लागतं आणि त्यासाठी आधी मूल्यांकनाचा दाखला लागतो. माझ्याकडे दाखला होता, पण नऊ वर्षांपूर्वीचा. कंपनी म्हणाली दुरुस्तीचा खर्च देतो, विषय संपला. पण साउंडपोस्टच्या खाली पाठीला भेग गेलेलं व्हायोलिन कितीही सुंदर दुरुस्त केलं तरी विकायला काढलं तर बाजारात त्याची किंमत खूपच खाली येते, हे या धंद्यातल्या कुणालाही विचारा. म्हणजे नुकसान दोन आहेत, एक दुरुस्तीचं आणि दुसरं दुरुस्तीनंतरही उरणारं. दुसरं कंपनीला दिसतच नव्हतं, कारण ते बिलावर येत नाही.

शेवटी दोघांना चालेल असा तिसरा मूल्यांकन करणारा नेमला. त्याचा अहवाल निष्पक्ष होता, मला आवडलं नाही तेही त्यात होतं, आमच्या घरात समजत होते तेवढं ते वाद्य मोठं नाही हे त्यात होतं. चांगलं, प्रामाणिक हाताने केलेलं, पण मोठ्या घराण्याचं नाही. ते वाचून मला आजोबांसाठी वाईट वाटलं आणि लगेच वाटलं की त्यांना हे नक्की माहीत असणार.

आणि मग एक दिवस प्रस्ताव आला की पूर्ण रक्कम देतो. दुरुस्ती अधिक घट मिळून आकडा इतका जवळ आला होता की त्यांना पूर्ण नुकसान धरणंच सोयीचं होतं. मी मेल वाचून अक्षरशः उभा राहिलो. ताईला फोन केला. ती गप्प, मग म्हणाली, "खालचं वाक्य वाचलंस का?" नव्हतं वाचलं. पूर्ण रक्कम दिल्यावर वस्तू विमा कंपनीच्या मालकीची होईल, ती त्यांच्या पत्त्यावर सुपूर्द करावी.

हा नियम योग्यच आहे, हे मी रागाने सांगत नाहीये. पूर्ण किंमतही घ्यायची आणि वस्तूही ठेवायची हे विम्यात बसत नाही, नुकसानभरपाई ही नुकसान भरून काढायला असते, कुणाचा फायदा करायला नाही. पण सात महिने मी ज्यासाठी भांडत होतो ते नेमकं काय, हे त्या एका वाक्याने समोर आणून ठेवलं. मी पत्रांमध्ये किंमत, घट, टक्का असे शब्द इतके लिहिले होते की माझं मलाच वाटायला लागलेलं की मला पैसे हवेत.

"तू सांग, तू मालक आहेस," ताई म्हणाली. मी म्हटलं मी कसला मालक, तू हक्क सोडलायस ना माझ्या नावे, म्हणून विचारतोयस फक्त, म्हणजे विचारतेयस. ती हसली, किती दिवसांनी. मग म्हणाली, "ती रोज केस उघडून बघते रे. वाजवता येत नाही तर नुसती तारांवरून बोट फिरवते."

पूर्ण रक्कम नाकारल्याचं पत्र मी त्याच रात्री लिहिलं. दुरुस्तीचा खर्च आणि घटीचा काही भाग एवढ्यावर तडजोड झाली, मागितलं होतं त्याच्या निम्म्याहून थोडं जास्त. ते रीतसर वेळेत आलं.

पाठीची अशी भेग बुजवायची तर पोट उघडावं लागतं, म्हणजे वरची फळी गोंदातून हळूहळू सोडवायची, चपट्या सुरीने, तसूतसूने. मग भेग सांधायची, आतून काडीच्या जागी जुनं लाकूड बशीसारखं कोरून काढायचं आणि तिथे नव्या लाकडाचा तुकडा अगदी तंतोतंत बसवायचा, बाहेरून काही दिसत नाही. बाईंना दोन महिने लागले. पोट परत चिकटवायच्या आदल्या दिवशी त्यांनी ताईला आणि भाचीला बोलावलं, आणि ताईने मला कॉल लावला. दोन्ही फळ्या शेजारी शेजारी ठेवलेल्या, आतली बाजू वर. आजोबांनी इतकी वर्षं वाजवलं आणि त्यांनीही हे असं कधी पाहिलं नसेल, सगळं कोरं फिकट लाकूड, कारागिराच्या रंध्याच्या खुणा, कडेला 1961, बारीक, नीट अक्षरात. आणि दुसऱ्या फळीवर नवा तुकडा, लंबगोल, आजूबाजूच्या लाकडापेक्षा उजळ.

बाईंनी सांगितलं की काम करणारा आत वर्ष घालतो अशी रीत आहे. पेन्सिलीचं टोक त्यांनी नीट केलं, आणि मग एक क्षण थांबून ती पेन्सिल भाचीच्या हातात दिली. ताईने टॉर्च धरली. भाचीने जीभ दाताखाली धरून चार आकडे काढले, दोन सरळ आणि दोन जरा तिरके.